बोटभर जास्त

१

ही गोष्ट खरी आहे. अक्षर न् अक्षर खरी. पोटच्या मुलांची शपथ घेऊन सांगितलं असतं, पण मला मुलं नाहीत, तेव्हा तुमच्या मुलांची घेतो. मी तिथे स्वतः हजर होतो. म्हणजे अगदी हजर नाही. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं त्याच्यासमोर मी तासभर एका पायावर उभा होतो, आणि त्या तासात त्याने मला सगळं सांगितलं. तास म्हणजे वीसेक मिनिटं असतील. आणि दोन्ही पायांवर. बाकी सगळं खरं.

तो म्हणजे काठीवाला. डोंगर चढणाऱ्या लोकांसाठी हातकाठ्या बनवायचा. चाळीस वर्षं तोच धंदा. लोक त्याच्याकडून काठी विकत घेत नसत, अंगरखा शिवून घ्यावा तशी मापाने करून घेत. आणि माणूस असा, की स्वतःची तारीफ करायला त्याला दुसरा कुणी लागत नसे. "माझी काठी हातात घेतली की डोंगर स्वतःहून वाट देतो," असं तो बिनदिक्कत म्हणायचा. अतिशयोक्ती होती. फार मोठी नव्हती.

त्याचा एक नियम होता. काठी बोटभर जास्त ठेवायची. गिऱ्हाईक आपल्या रोजच्या बुटांत समोर येऊन उभं राहिलं, की याने गुडघ्यावर बसायचं, त्याला हात सैल सोडायला सांगायचं, मनगटाच्या हाडापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं, आणि मगच ते शेवटचं बोटभर कापायचं. त्याआधी नाही. प्रत्यक्ष यमाने निरोप धाडला तरी नाही. "उंची विचारली की माणसं खोटं सांगतात," तो म्हणायचा. "मनगट खोटं बोलत नाही." या कामात तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नसे. जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली तर ओळखायचा नाही. मनगट पुढे केलं की नाव-गाव, बायकोची चौकशी, सगळं.

तयार झालेल्या पण फिटिंग बाकी असलेल्या काठ्या तो भिंतीला उलट्या टेकवून ठेवायचा, मूठ खाली आणि टोक वर, म्हणजे चुकून कुणी उचलून नेऊ नये. कापलेला बोटभर तुकडा फळीवर जायचा, वर गिऱ्हाइकाचं नाव. आणि काठी हातात देताना एकच वाक्य: "मोडली तर आणा. दुरुस्ती जन्मभर माझी."

त्या वर्षी उन्हाळ्यात त्याने लाकूड जोडायचा सरस वितळवायला भांडं चुलीवर ठेवलं आणि दुकान बंद करून घरी गेला. जेवला, झोपला. शेजाऱ्यांनी धूर पाहिला म्हणून निभावलं. कामाचं टेबल अर्धं जळलं. महिन्याभराने त्याने एका बाईंना त्यांचीच काठी दोनदा करून दिली. लेक मोठ्या इस्पितळात परिचारिका. विसरणारी माणसं ती रोज बघते. तिने वर्कशॉपची किल्ली शांतपणे आपल्या जुडग्यात अडकवली.

"पानगळीत केबिनवर जाऊ ना बाबा, तेव्हा ठरवू," ती म्हणाली. "चार दिवस मी तुम्हाला बघते. सगळं ठीक असेल तर किल्ली तुमची."

"आणि नसेल तर?"

"तर मग तुम्ही आराम करा."

आराम हा शब्द त्याला शिवीसारखा लागला.

२

केबिन त्यांची स्वतःची होती, डोंगराच्या पोटाशी, झाडांत. दोन खोल्या, एक लोखंडी शेगडी, पुढे फळ्यांचा व्हरांडा. दरवर्षी पानं पिवळी पडली की चौघं इथे यायची: काठीवाला, त्याची बायको, लेक आणि जावई. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. "त्याला वर जायचं म्हणजे बटण दाबायचं एवढंच माहीत," असं सासरा चारचौघांत सांगायचा, आणि जावई बिचारा हसायचा.

दाराच्या आत उजव्या हाताला काठ्यांचा घोडा होता, चार खोबणींचा. चार माणसं, चार काठ्या. वर्षभर त्या तिथेच राहायच्या.

सामान आत आणता आणता जावई थबकला.

"अरे वा, बाबा! ही कधी केलीत?"

घोड्याच्या पलीकडे, कोपऱ्यात, पाचवी काठी होती. भिंतीला टेकलेली. उलटी.

काठीवाल्याच्या हातात कंदिलाची काच होती. ती त्याने आधी सावकाश टेबलावर ठेवली. कारण लेक मागेच उभी होती, हातात उशा घेऊन, आणि उशांच्या वरून बघत होती. काठीकडे नाही. त्याच्याकडे.

आता तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ही माझी नाही." सरळ माणूस हेच म्हणेल. पण जावयाने काठी उचलून खिडकीच्या उजेडात धरली होती, आणि काठीवाल्याला इतक्या लांबूनही दिसत होतं, की ती मूठ म्हणजे काय काम होतं! लाकडाची रेघ मुठीच्या वळणाबरोबर अशी वळली होती, जशी त्याला चाळीस वर्षांत एकदाही वळवता आली नव्हती. आणि मुठीखाली दोन खाचा आणि एक टिंब. त्याची खूण.

"केली अशीच," तो म्हणाला. "हात चालू ठेवायला."

"अशीच? बाबा, ही तुमची सगळ्यात भारी आहे!"

"आहे खरी," काठीवाला म्हणाला, आणि त्याची छाती आपोआप पुढे आली. खोटं बोलताना माणसाची छाती आत जाते म्हणतात. त्याचा अनुभव वेगळा होता.

"कधी केलीत?" लेकीने विचारलं. आवाज अगदी मऊ. इस्पितळातला.

"पावसाळ्याआधी. इथे आणून ठेवली होती. तुझ्या लक्षात नसेल."

"हो, होती वाटतं," लेक म्हणाली, आणि उशा घेऊन आत गेली.

तिला काहीच आठवत नव्हतं. पण अशा माणसांशी वाद घालायचा नाही, हो ला हो करायचं, असं ती स्वतःच नातेवाइकांना शिकवायची. हे तिने बापाला सांगितलं ते फार नंतर.

३

दुसऱ्या दिवशी बाकीची पाणी आणायला झऱ्यावर गेली तेव्हा त्याने काठी टेबलावर आडवी घेतली आणि चष्मा लावला.

पहिला विचार जो कुणालाही येईल तोच आला. मीच केली असेल. केली आणि विसरलो. सरसाचं भांडं विसरलो तशी. हा विचार इतका सोपा होता की त्यात आडवं व्हावंसं वाटत होतं. पण त्याने अंगठा मुठीवर ठेवला आणि विचार तिथेच मोडला. माणूस काय केलं ते विसरेल. जे येत नाही ते कसं करेल? खाचा बघितल्या. त्याच्या खाचा डावीकडे किंचित कलायच्या, उजव्या हाताचा जोर तसा पडायचा. या सरळ होत्या. म्हणजे त्याच्याच खाचा, पण त्या कशा असायला हव्या होत्या तशा.

मग त्याने मोजपट्टी काढली. आधीच काढायला हवी होती. पण कारागिराची नजर आधी कामावर जाते.

मापात बसलेली काठी माणसाच्या उंचीच्या साधारण निम्मी असते. बायकोची अडीच फुटांच्या थोडी वर, जावयाची तीनला थोडी कमी. ही काठी चार फूट आणि बोटभर होती.

त्याने केबिनच्या दाराकडे बघितलं. दार साडेसहा फुटी. त्याने स्वतः बसवलेलं.

टोकाला लोखंडी टोपी नव्हती. लाकूड करवतीखाली अजून गेलंच नव्हतं. कच्चं, कोवळं, वाट बघणारं टोक.

"कुणाची हो ती?" बायको परत आली होती, पाण्याची बादली ठेवून पदराला हात पुसत होती. "एवढी लांब? झाडावरची फळं काढायला की काय?"

"गिऱ्हाइकाची."

"उंच आहे वाटतं."

"आहे जरा."

"मग इथे कशाला आणून ठेवलीत? येणार कधी न्यायला?"

तो उठला, काठी परत कोपऱ्यात नेली, आणि हात सवयीने तिला उलटी टेकवून मोकळा झाला. "येईल की. फिटिंग बाकी आहे."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की खोलीत एकदम शांतता झाली आहे. शेगडीतलं लाकूड तडतडत होतं ते थांबलं. बाहेर पानं पडत होती, एकेक, ती ऐकू येईनाशी झाली. जणू कुणीतरी कान देऊन ऐकत होतं, आणि हवं होतं ते आता ऐकून झालं होतं.

"शेगडी विझली बघा," बायको म्हणाली.

४

तिसऱ्या दिवशी डोंगराच्या धारेवर गेले. दरवर्षीचीच वाट: झाडांतून वर, मग उघडी धार, मग दगडांच्या ढिगाशी बसून खायचं, आणि उतरायचं. काठीवाला निघताना मुद्दाम कोपऱ्यात बघून आला. होती. दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, लेकीलाही ओढायला लावलं. "बघ, विसरलो नाही."

"मी काही म्हटलं का?"

"तू म्हणत नाहीस. तू बघतेस."

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. दाट नाही, ओल्या कापसासारखं, झाडांच्या मधून मधून. चौघं एकामागे एक. जावई सगळ्यात मागे, धापा टाकत.

"जावईबापू, कितवा मजला?"

"बाबा... मी बंद पडलोय... दुरुस्तीला... माणूस पाठवा."

बायको हसली. लेकही हसली, तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसली. काठीवाल्याला फार बरं वाटलं. आणि बरं वाटलेला माणूस गप्प चालतो, म्हणून त्याला ऐकू आलं.

त्याला त्याच्या काठ्यांचे आवाज पाठ होते. बायकोची काठी भाजी चिरल्यासारखी एका लयीत. लेकीची घाईची. जावयाची फरफटत, दोन दगडांना लागून मग तिसऱ्यावर टेकणारी. त्याची स्वतःची ठाम. चारही लोखंडी टोप्यांच्या, चारही खणखणीत.

त्यांच्यामागे पाचवा आवाज होता. बोथट. टोपी न बसवलेल्या लाकडाचा.

त्यांची दोन पावलं पडत तेव्हा तो एकदा वाजायचा.

तो थांबला. सगळे थांबले. आवाज आणखी एकदा वाजला, आणि मग थांबला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. जावयाला श्वास घेऊ दे."

प्रतिध्वनी, त्याने स्वतःला सांगितलं. समोर खडक आहे, आवाज परत येतो. पण परत येणारा आवाज बोथट कसा होईल, आणि चारांचा एक कसा होईल? वाटभर घोट्याएवढी सुकी पानं होती. मागून ससा गेला तरी खसखस व्हावी. पानांचा आवाज नव्हता. फक्त काठीचा.

धारेवर धुकं जरा फाटलं. दगडांच्या ढिगाशी बसून खाताना लेक पलीकडे बघत होती. मधे दरी, आणि तिच्या पलीकडे दुसरी धार.

"बाबा, तुमचं ते उंच गिऱ्हाईक इथलंच आहे का?"

त्याचा घास तोंडात तसाच राहिला. "का गं?"

"नाही... तिथे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. हात सैल सोडून. आपल्याकडे बघत." तिने डोळे बारीक केले. "झाड असेल."

"झाडच असेल."

धुकं पुन्हा मिटलं आणि पुन्हा उघडलं. त्या धारेवर गवत होतं आणि खडक होते. झाड नव्हतं. वीस वर्षांत कधीच नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. पण एकाने किल्लीसाठी तोंड मिटलं, आणि दुसरीने बापासाठी.

५

कुलूप जसंच्या तसं होतं. काठी मात्र कोपऱ्यात नव्हती.

ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर होती, आडवी, मूठ दाराकडे. दुकानात कुणी नसलं की गिऱ्हाइकं काठी अशीच ठेवून जायची, म्हणजे मालकाला कळावं की काम आहे. टोकाला ओली माती होती आणि तिला एक पिवळं पान चिकटलं होतं.

"तुम्ही बाहेर ठेवलीत का?" त्याने जावयाला हळूच विचारलं.

"मी? नाही बुवा. सकाळी तुम्हीच शेवटी बाहेर पडलात ना?"

खरं होतं. तोच शेवटी बाहेर पडला होता.

त्याने टोक पुसलं, पान काढून टाकलं, आणि ठरवलं की आता बस्स. लेकीला सांगायचं. ही काठी मी केली नाही. माझी ऐपतच नाही अशी काठी करायची. पहिलं वाक्य त्याने मनात दोनदा म्हणून पाहिलं. दुसरं एकदाही म्हणवेना.

लेक व्हरांड्याच्या पायरीवर बुटांचा चिखल खरवडत बसली होती. ऊन कलतं होतं. तो शेजारी बसला.

"पोरी, एक सांगायचं होतं."

"आधी मी सांगते." तिने बूट खाली ठेवला. "मी तीन दिवस तुम्हाला बघतेय. तुम्ही शेगडी रोज विझवलीत. कुलूप लावलंत. आईला गोळ्यांच्या वेळेची आठवण तुम्ही करून दिलीत. आणि ती काठी. मला वाटलं होतं, तुम्ही केली आणि विसरलात आणि आता बनाव करताय. पण तुम्हाला सगळं माहीत आहे. कुणाची, किती उंच, काय काम बाकी आहे. विसरलेला माणूस असं नाही बोलत." तिचे डोळे भरून आले होते. "आणि काय काम केलंय, बाबा! मला अभिमान वाटला. उद्या निघताना किल्ली देते."

त्याने तिचा बूट उचलून उरलेला चिखल खरवडायला घेतला.

"तुम्हाला काय सांगायचं होतं?"

आता सांगितलं तर काय होणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पुन्हा तो मऊ आवाज. पुन्हा हो ला हो. आणि मग खिडकीजवळची एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत तो, उरलेला जन्म.

"हेच की," तो म्हणाला, "उद्या निघायच्या आधी गिऱ्हाईक येईल. तेवढं फिटिंग करून मग निघू."

६

चौथ्या दिवशी सकाळी बाहेर काही दिसत नव्हतं. धुकं खिडक्यांना टेकलं होतं. आत सामानाची बांधाबांध चालली होती: बायको भांडी पुसत होती, जावई मागच्या खोलीत अंथरुणांशी झटापट करत होता, लेक खिडकीच्या कट्ट्यावर बसून डबे भरत होती. काठीवाल्याने सकाळपासून आपली पिशवी जवळ ठेवली होती. घडीची करवत, कानस, पेन्सिल, मोजपट्टी. कारागीर सुट्टीवर गेला तरी पिशवी सुट्टीवर जात नाही.

व्हरांड्याच्या फळीवर ठक वाजलं. मग आणखी दोनदा. बोथट.

त्याने कोपऱ्यात बघितलं. कोपरा रिकामा होता.

"आलं वाटतं तुमचं गिऱ्हाईक," बायको मान वर न करता म्हणाली. "चहा टाकू का?"

"नको," तो म्हणाला. "घाईत असतील."

दारापर्यंतची सहा पावलं त्याने कशी टाकली त्याला माहीत नाही. पण मला त्याने एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली, आणि ती मी तुम्हाला तशीच सांगतो: कडीवर हात ठेवला तेव्हा भीती होतीच, पण भीतीच्या खाली आणखी काही होतं. चाळीस वर्षांत त्याच्याकडे वकील आले, डॉक्टर आले, मोठमोठे गिर्यारोहक आले. आणि आता हे. एवढ्या लांबून, एवढ्या वरून, फिटिंगला त्याच्याचकडे.

त्याने दार उघडलं, बाहेर पडला, दार मागे ओढून घेतलं. आणि बाकी काही बघायच्या आत गुडघ्यावर बसला.

वर जे काही होतं ते धुक्यात होतं. त्याच्यासमोर फळ्या होत्या. फळ्यांवर दोन... बूटच म्हणायचे. ओल्या पानांचे थर एकमेकांवर दाबून बसावेत तसं काहीतरी, आणि त्याखाली व्हरांड्याची फळी वाकली होती. जी फळी जावई आणि तो दोघं उभे राहिले तरी वाकत नसे.

"हात सैल सोडा," काठीवाला म्हणाला. आवाज फुटला, पण त्याने पुन्हा म्हटलं. "हात सैल. खांदे उचलू नका. सगळे उचलतात."

वर कुठेतरी, छपराच्या कडेच्याही वर, लाकडाची फांदी सावकाश खाली यावी तसा आवाज झाला. आणि धुक्यातून मनगट खाली आलं. त्याच्या टाळूच्याही वर येऊन थांबलं.

हाड होतं. मनगटाला असतं तसं, बाहेरच्या बाजूला, गोल. त्याने पट्टी लावली. आकड्यावर नजर गेली. चार फूट. आकडा कसा नेमका! त्याने काठी घेतली. काठी त्याच्या हातात दिली गेली, असं म्हणायला हवं. पेन्सिलीची रेघ ओढली. मांडीवर आडवी घेतली. करवत चालवली. बोटभर तुकडा फळीवर पडला आणि घरंगळत त्याच्या गुडघ्याशी आला. कडा कानशीने मोडल्या. सगळं सावकाश. घाईचं काम त्याने कधी केलं नव्हतं, आज तर मुळीच नाही.

राहिली टोपी. पिशवीत टोपी नव्हती. त्याने क्षणभर विचार केला, मग दारातून आत हात घालून घोड्यातली स्वतःची काठी ओढून घेतली, तिची लोखंडी टोपी पिरगळून काढली, आणि या टोकावर बसवली. तंतोतंत बसली. ठोकावीही लागली नाही.

"बघा टेकून," तो म्हणाला.

खणखणीत वाजली. एकदा. मग थोडं लांब, दुसऱ्यांदा. फळी पुन्हा सरळ झाली. तिसरा आवाज झाडांच्या पलीकडून आला. आता तो त्याच्या कुठल्याही काठीसारखा होता, त्यांच्यात मिसळून जाईल असा.

आणि काठीवाल्याच्या तोंडून सवयीने ते वाक्य गेलं. चाळीस वर्षं जाणारच ते.

"मोडली तर आणा. दुरुस्ती जन्मभर माझी."

झाडांत आवाज थांबला. जरा वेळ थांबून राहिला. मग पुढे गेला.

त्याने वर पाहिलं नाही. एकदाही नाही.

७

वळला तेव्हा लेक खिडकीत होती. हातात डब्याचं झाकण, डबा नव्हता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्यावरून, छपराच्या वर, बघत होती, आणि बराच वेळ तशीच राहिली.

गाडीत जावई बडबडत होता, बायको झोपली होती. घाट उतरून झाल्यावर लेकीने जुडग्यातून किल्ली सोडवली आणि मागे हात करून बापाच्या हातावर ठेवली. तिची बोटं गार होती.

"बाबा," ती खूप हळू म्हणाली, "ती काठी तुम्ही केलीच नव्हती ना?"

"नाही."

"मग का सांगितलंत?"

तो खिडकीबाहेर बघत होता. मुठीत किल्ली होती, आणि खिशात लाकडाचा बोटभर तुकडा.

"फिटिंग माझं आहे," तो म्हणाला. "आणि पोरी, यापेक्षा नेमकं माप माझ्या हातून कधी गेलं नाही."

पुढच्या पानगळीला ती सगळी समुद्राकडे गेली. त्याच्या पुढच्याही. वर्कशॉप चालू आहे. फळीवर नावं लिहिलेल्या तुकड्यांची रांग आहे, आणि शेवटी एका तुकड्यावर नाव नाही. मी माझ्या काठीच्या फिटिंगला तिथे उभा होतो तेव्हा तो हातात घेऊन बघितला. जड आहे. दाराच्या वरची चौकट त्याने काढून टाकली आहे, आणि दार आता पार छपरापर्यंत गेलंय. विचारलं तर म्हणतो, "दुरुस्तीला आलं तर वाकावं लागायला नको."

सुरुवातीला मी शपथ घेतली होती, ती तुमच्या मुलांची आहे हे माझ्या लक्षात आहे. म्हणून एक कबूल करून टाकतो. यातला एक भाग मी माझ्या पदरचा घातला आहे. काठी खरी, काठीचं माप खरं, मनगट खरं, लेक खिडकीत होती तेही खरं.

धुकं मात्र नव्हतं. धारेवर नव्हतं, आणि त्या सकाळीही नव्हतं. ऊन होतं, पानगळीत पडतं तसं स्वच्छ, लांबपर्यंत दिसणारं ऊन.

धुकं मी घातलं. नाहीतर त्याने वर पाहिलं नाही, या वाक्यावर तुम्ही विश्वास कसा ठेवला असता?